धूर एकदम, निकोटीन पादांशाने : धूम्रपानमुक्तीच्या चिकित्सेचा पुनर्विचार

प्रस्तावना

व्यसन सोडविण्याचा प्रश्न आला की आपणा वैद्यांस प्रथम आठवतो तो पादांशिक क्रम. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘नवेगान्धारणीय’ या सातव्या अध्यायात आचार्यांनी हा क्रम सांगितला आहे. सवयीने सात्म्य झालेले अहित क्रमाक्रमाने सोडावे आणि हितकर त्याच क्रमाने अंगी लावावे, असा त्याचा आशय. वाग्भटांनीही ऋतुचर्येच्या शेवटी सहसा केलेल्या त्यागाने आणि सहसा केलेल्या सेवनाने असात्म्यज व्याधी उत्पन्न होतात, असा इशारा देऊन ठेवला आहे. ही वचने आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत की विडी-सिगारेट ओढणारा रुग्ण समोर बसताच ‘रोज एकेक कमी करा’ हे वाक्य आपल्या मुखातून आपोआप निघते. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे हाच सल्ला दिला. हा सल्ला जसा दिला जातो तसा तो शास्त्राला धरून आहे काय, आणि रुग्णाच्या हिताचा आहे काय, याचा विचार करण्यास एका रुग्णाने भाग पाडले. तो अनुभव प्रथम नोंदवितो.

एक रुग्णवृत्त

ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर काम करणारा ३८ वर्षे वयाचा एक पुरुष रुग्ण डाव्या पोटरीतील पेटके व तळपायातील गारठा या तक्रारी घेऊन आला. चालताना वेदना वाढत, थांबल्यावर उतरत. दिवसाला ३० विड्या, तेही पंधराव्या वर्षापासून. मी वातव्याधीच्या अंगाने चिकित्सा दिली आणि विड्या पादांशिक क्रमाने कमी करण्यास सांगितले. रुग्ण प्रामाणिक होता. तीन महिन्यांत तो ३० वरून ४ विड्यांवर आला. मी त्याची पाठ थोपटली. तो त्या ४ विड्यांवर वर्षभर राहिला. ‘साहेब, एवढ्या तरी राहू द्या, सकाळी पोट साफ होत नाही,’ असे तो म्हणे आणि मीही मान डोलावीत असे.

पुढील हिवाळ्यात तो आला तो डाव्या पायाचे दुसरे बोट काळे पडलेल्या अवस्थेत. शल्यचिकित्सकांनी निदान केले थ्रॉम्बोअँजायटिस ऑब्लिटेरान्स, म्हणजेच बर्जरचा आजार. या व्याधीत तंबाखू सर्वथा बंद करणे हाच चिकित्सेचा पाया असून दिवसाच्या थोड्याशा विड्यादेखील व्याधी धुमसत ठेवतात, हे मला त्या दिवशी एका तरुण शल्यविशारदाकडून ऐकावे लागले. बोट काढावे लागले. रुग्णालयात दाखल झाल्या दिवशी त्याने विडी बंद केली ती कायमची. त्यानंतर पाय वाचला आहे.

हा रुग्ण सूत्रस्थानामुळे फसला असे म्हणता येणार नाही. माझ्या अर्ध्या वाचनाने तो फसला. तो दोष मान्य करूनच पुढील विवेचन करीत आहे.

पादांशिक क्रमाचे मर्म

मूळ विधानाकडे पुन्हा पाहिले असता तीन गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली, या क्रमास निश्चित अंशमान आहे. चक्रपाणिदत्तांच्या टीकेनुसार पाद म्हणजे चतुर्थांश. पादाचा अंश म्हणजे षोडशांश, असाही अर्थ लावला जातो. कोणताही अर्थ घेतला तरी मोजमाप ठरलेले आहे. ‘जमेल तसे कमी करा’ हा पादांशिक क्रम होत नाही.

दुसरी, या क्रमास कालमर्यादा आहे. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस अशी वाढती अंतरे सांगितली आहेत. म्हणजे काही दिवसांत अहिताचा शेवट अपेक्षित आहे. वर्षभर चौथ्या पादावर मुक्काम करणे आचार्यांना अभिप्रेत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, सोडलेल्या प्रत्येक अंशाच्या जागी हिताचा तेवढाच अंश घालावयाचा आहे. त्याग आणि सेवन ही जोडी आहे. आपण रुग्णास केवळ वजाबाकी सांगतो. बेरीज सांगतच नाही.

या दृष्टीने पाहता आपला प्रचलित सल्ला तिन्ही ठिकाणी उणा पडतो.

धूमपान आणि धूम्रपान

काही रुग्ण, आणि खेदाने म्हणावे लागते की काही वैद्यही, ‘धूमपान तर आयुर्वेदातच सांगितले आहे’ असे म्हणून वेळ मारून नेतात. चरकोक्त धूमपान सुगंधी व स्निग्ध द्रव्यांच्या वर्तीचे आहे. प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक असे त्याचे भेद आहेत. त्यास स्नान, भोजन, दंतधावन, नस्य, अंजन इत्यादींनंतरचे आठ काल नेमून दिलेले असून प्रायोगिक धूम दिवसातून जास्तीत जास्त दोनदा घ्यावयाचा आहे. अकाली व अतियोगाने घेतलेल्या धूमाने बाधिर्य, आंध्य, मूकत्व, रक्तपित्त, शिरोभ्रम हे उपद्रव सांगितले आहेत. वाग्भटांनी तर अठरा वर्षांखालील व्यक्तीस धूम देऊ नये, असे नमूद केले आहे. २००३ च्या सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने कायद्यानेही तंबाखूविक्रीसाठी हीच वयोमर्यादा घातली, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

तंबाखू ही वनस्पती आपल्या संहिताकारांना ठाऊकच नव्हती. ती अमेरिका खंडातून पोर्तुगिजांमार्फत पश्चिम किनाऱ्यावर आली. अकबराचा वकील असद बेग याने १६०४ च्या सुमारास विजापूरहून तंबाखू व ती ओढण्याची नळी बादशहाच्या दरबारात नेली, ही इतिहासातील सुपरिचित नोंद आहे. तेव्हा तंबाखूच्या धुरास संहितेचा आधार शोधणे व्यर्थ होय.

याच ओघात बाजारातील ‘हर्बल सिगारेट’ अथवा तंबाखूरहित विडीचा उल्लेख केला पाहिजे. कोणतेही पान जळताना कार्बन मोनॉक्साइड व डांबर निर्माण होणारच. हात आणि ओठ यांची सवय तशीच राहते आणि फुफ्फुसाची हानीही थांबत नाही. व्यसनमुक्तीचे साधन म्हणून अशा वस्तू देणे वैद्यास व औषधविक्रेत्यास शोभणारे नाही. २०१९ च्या कायद्याने देशात ई-सिगारेटची विक्री तर बंदच आहे.

व्यसनाची संप्राप्ती

धूर ओढल्यावर निकोटीन दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तेथील विशिष्ट ग्राहींना चिकटून ते डोपामीन स्रवविते. त्यातून क्षणिक सुख व एकाग्रता लाभते. रक्तातील त्याचे अर्धायुष्य सुमारे दोन तासांचे. म्हणून दिवसभर ठरावीक अंतराने मागणी उठते, आणि रात्रभराच्या खंडानंतर पहाटेची पहिली विडी सर्वाधिक हवीहवीशी वाटते. कालांतराने ग्राहींची संख्या वाढते व पूर्वीच्या मात्रेने भागत नाही. आपल्या परिभाषेत हेच ओकसात्म्य.

यातून दोन निष्कर्ष निघतात. एक, व्यसन जडते ते निकोटीनमुळे. पण कर्करोग, हृद्रोग व श्वसनविकार यांचा मुख्य भार धुरातील डांबर, कार्बन मोनॉक्साइड व इतर शेकडो विषद्रव्यांवर आहे. दोन, विड्यांची संख्या घटविली की रुग्ण नकळत उरलेल्या विड्या खोल व वारंवार ओढून निकोटीनची भरपाई करतो. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असली तरी ती विझू नये म्हणून अधिक झुरके घ्यावे लागतात, आणि टेंभुर्णीच्या पानातून हवा शिरत नसल्याने धूर अधिक घातक होतो. ‘विडी साधी असते’ हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

संख्या घटविल्याने धोका त्या प्रमाणात घटत नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनानुसार दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यातही, वीस ओढणाऱ्याच्या तुलनेत, हृद्रोगाचा अतिरिक्त धोका सुमारे निम्मा शिल्लक राहतो. विसाव्या भागापुरता तो उतरत नाही.

इंग्लंडमधील ६९७ धूम्रपानी व्यक्तींवरील व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाने ठरल्या दिवशी एकदम धूम्रपान थांबविले, तर दुसऱ्याने दोन आठवडे घटवीत नेऊन थांबविले. दोन्ही गटांस निकोटीनचे पर्यायी औषध व समुपदेशन मिळाले. चार आठवड्यांनंतर एकदम थांबविणाऱ्यांपैकी ४९ टक्के व हळूहळू थांबविणाऱ्यांपैकी ३९.२ टक्के मुक्त होते. सहा महिन्यांनंतर हेच प्रमाण अनुक्रमे २२ व १५.५ टक्के राहिले.

सिद्धान्ताचा मेळ

मग पादांशिक क्रम चुकीचा काय? माझे नम्र मत असे की, क्रम बरोबर आहे; आपण तो चुकीच्या वस्तूस लावतो. शरीराला सात्म्य झाले आहे ते निकोटीन. सहसा त्यागाने असात्म्यज लक्षणे उद्भवतात ती निकोटीनच्या त्यागाने. धूर कोणासही सात्म्य होत नाही. तो केवळ वाहन आहे. तेव्हा वाहन एका दिवशी सोडावे आणि सात्म्य झालेले द्रव्य क्रमाने उतरवावे.

आधुनिकांचा निकोटीन गमचा प्रचलित क्रम पाहिला की हा मेळ डोळ्यांत भरतो. पहिले सहा आठवडे दर १ ते २ तासांनी एक, सात ते नऊ आठवडे दर २ ते ४ तासांनी, दहा ते बारा आठवडे दर ४ ते ८ तासांनी, आणि मग बंद. वाढत्या अंतराने त्याग करण्याचे हे तत्त्व आपल्या आचार्यांना परके वाटले नसते. जागतिक आरोग्य संघटनेने निकोटीन पर्यायी चिकित्सेचा समावेश २००९ मध्ये, तर ब्युप्रोपिऑन व व्हरेनिक्लीन यांचा २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. यांचा पुरावा भक्कम आहे. आपल्या द्रव्यांपैकी एकानेही केवळ स्वतःच्या बळावर व्यसन सुटते, असे सांगण्याजोगा तेवढा पुरावा आज आपल्याजवळ नाही. हे मान्य केल्याने आयुर्वेदास उणेपणा येत नाही. त्यागकाळातील लक्षणांचे शमन आणि हितसेवनाची बेरीज, हे आपले क्षेत्र पुष्कळ मोठे आहे.

परीक्षण

रुग्णास दोन प्रश्न अवश्य विचारावेत. जागे झाल्यावर पहिली विडी किती वेळात? पाच मिनिटांच्या आत ३ गुण, अर्ध्या तासाच्या आत २, तासाच्या आत १, त्यापुढे ०. दिवसाला किती? १० पर्यंत ०, ११ ते २० ला १, २१ ते ३० ला २, त्यापुढे ३. बेरीज ४ वा अधिक असल्यास व्यसन तीव्र समजावे व अशा रुग्णास केवळ उपदेशावर सोडू नये. फॅगरस्ट्रॉम चाचणीतील हेच दोन प्रमुख प्रश्न होत.

त्याचबरोबर तंबाखू-चुना, गुटखा, मिश्री यांची चौकशी करावी. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांत धूम्रपानाचे प्रमाण ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखूचे २४.४ टक्के आढळले. अनेक जण विडी सोडतात ती मळलेल्या तंबाखूच्या भरवशावर. ती व्यसनमुक्ती नव्हे.

प्रत्यक्ष योजना

१. दिन निश्चिती : दोन आठवड्यांच्या आतील एक दिवस रुग्णानेच निवडावा. तोपर्यंत घरातील विड्या, काडेपेटी, रक्षापात्र दूर करावेत, घरच्यांस कल्पना द्यावी. त्या दिवसापासून एकही विडी नाही.

२. निकोटीनचा पर्याय : जागे झाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्यास ४ मिलिग्रॅम, अन्यथा २ मिलिग्रॅमचा गम. सेवनविधी नीट न सांगितल्यामुळेच बहुतेकांस तो मानवत नाही. गम सावकाश चावावा, चव वा चुरचुर जाणवताच गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवावा, चुरचुर ओसरली की पुन्हा चावावा. असे सुमारे अर्धा तास. भराभर चावून लाळ गिळल्यास उचकी, जळजळ व मळमळ होते. आधीची पंधरा मिनिटे व गम तोंडात असताना चहा, कॉफी वा आंबट पेय घेऊ नये. त्याने शोषण घटते. गर्भिणी, नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले रुग्ण व तोंड उघडण्यास अडचण असलेले रुग्ण यांना संबंधित तज्ज्ञाच्या सल्ल्याविना देऊ नये. बर्जरच्या रुग्णात निकोटीन कोणत्याही रूपात टाळणेच इष्ट. तेथे निकोटीनविरहित औषधांसाठी तज्ज्ञाकडे पाठवावे.

३. वेगधारण : ज्या अध्यायात पादांशिक क्रम आहे त्याच अध्यायात धारण करण्यायोग्य वेगही सांगितले आहेत. विडीची तलफ हा धारणीय वेगच होय. ती काही मिनिटांत ओसरते, हे रुग्णास घड्याळ दाखवून पटवावे. तेवढ्या वेळात पाणी पिणे, चार पावले चालणे, दीर्घ श्वास घेणे यांचा आश्रय करावा. सत्त्वावजय म्हणजे काही अवघड विधी नव्हे. रुग्णाच्या मनाला तेवढी पाच मिनिटे सोबत देणे, एवढेच त्यात आहे.

४. लक्षणानुसार उपचार : त्यागाची लक्षणे पहिल्या दिवशीच सुरू होतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीव्र असतात व तीन-चार आठवड्यांत शमतात. त्यांत वाताचा प्रकोप ठळक दिसतो.

अनिद्रा व अस्वस्थता यांसाठी रात्री पादाभ्यंग व शिरोभ्यंग, कोमट दुधासह अश्वगंधा, जटामांसी फांट. या काळात मन उदास होण्याचा संभव असल्याने झोपेसाठी सर्पगंधा टाळावी.

मलावष्टंभ हे परत विडीकडे वळण्याचे मोठे कारण आहे. माझ्या रुग्णाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. पहिल्या दिवसापासूनच रात्री त्रिफळा अथवा इसबगोल, सकाळी उष्णोदक व ठरलेल्या वेळी शौचास बसण्याची सवय लावावी.

कास पहिले काही आठवडे वाढू शकतो. श्वासमार्गाची साफसफाई पुन्हा सुरू झाल्याचे ते लक्षण असते. सितोपलादि चूर्ण मधासह द्यावे. कफात रक्त दिसल्यास वा खोकला लांबल्यास छातीची तपासणी टाळू नये.

मुखासाठी लवंग, वेलची, बडीशेप, धणाडाळ, भाजलेला ओवा द्यावा. त्रिफळा क्वाथाचा कवल करावा. ज्येष्ठमधाची कांडी उपयुक्त असली तरी रक्तदाबाच्या रुग्णास ती सतत चघळू देऊ नये. सुपारी कोणत्याही रूपात नको. ती स्वतःच कर्करोगकारक आहे. खदिरादि वटीच्या काही पाठांत पूग येतो, म्हणून वेष्टनावरील घटक वाचूनच वटी निवडावी.

क्षुधावृद्धी होऊन वर्षभरात चार-पाच किलो वजन वाढणे सामान्य आहे. गोड पदार्थांऐवजी मुगाचे कढण, ताक, फळे सुचवावीत, चालणे वाढवावे.

५. अनुवर्तन : पहिल्या आठवड्यात दोनदा, पुढे महिनाभर दर आठवड्यास रुग्णास बोलवावे. चुकून एखादी विडी ओढली गेल्यास त्यास दोष न देता कारण शोधावे. चरकांनी मद्य सोडून पुन्हा एकदम अतिमद्य घेणाऱ्यास ध्वंसकादी विकार होतात असे सांगितले आहे. सुटलेले व्यसन दुप्पट जोराने परतते, याची जाण त्यात दिसते. म्हणून एका विडीवरच सावरणे महत्त्वाचे. वर्षभराच्या मुक्तीनंतर हृद्रोगाचा अतिरिक्त धोका साधारण निम्म्यावर येतो, हे रुग्णास जरूर सांगावे.

औषधविक्रेत्यांसाठी

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. धुरातील द्रव्यांमुळे यकृतातील एक विकर उत्तेजित झालेले असते व त्यामुळे थिओफायलीनसारखी औषधे लवकर निचरतात. धूम्रपान थांबताच हे उत्तेजन काही दिवसांत ओसरते व त्याच मात्रेने रक्तातील औषध वाढते. तमकश्वासाच्या रुग्णास थिओफायलीनच्या गोळ्या चालू असताना मळमळ, छातीत धडधड, कंप, झोप न लागणे ही लक्षणे दिसल्यास ती ‘विडी सोडल्याची’ समजून थांबू नये. मूळ चिकित्सकाकडून मात्रेचा फेरविचार करवावा. ओलान्झापीन व क्लोझापीन या मानसरोगावरील औषधांनाही हेच लागू आहे. चहा-कॉफीचाही अंमल वाढतो, म्हणून त्याचे प्रमाण निम्मे करण्यास सांगावे. गम घेतल्याने हा बदल टळत नाही, कारण उत्तेजन निकोटीनचे नसून धुराचे असते.

दुकानात तंबाखूयुक्त दंतमंजन मागितले गेल्यास, दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून बंदी आहे, हे नम्रपणे सांगावे. तंबाखूच्या पाकिटांवर छापला जाणारा राष्ट्रीय मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक गल्ल्यापाशी लावून ठेवावा. ज्यास वैद्याकडे येण्यास संकोच वाटतो तो कदाचित हा क्रमांक टिपून नेईल.

उपसंहार

निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी, हे आपण विद्यार्थिदशेपासून घोकतो. धूम्रपानाच्या बाबतीत मात्र निदान अर्धवट वर्जून चिकित्सा पूर्ण झाली असे मानण्याची चूक आपणांकडून घडते. ३० विड्यांच्या ४ झाल्या म्हणून समाधान मानू नये. त्या ४ चे काय झाले ते विचारावे. मी विचारले नाही, आणि त्याची किंमत माझ्या रुग्णाने मोजली. आज तो दर दीपावलीस भेटावयास येतो. उरलेली बोटे शाबूत असलेली पावले जमिनीवर टेकवून दाखवितो आणि ‘अजून बंदच आहे’ एवढेच म्हणतो. डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटाची रिकामी जागा मला दरवेळी दिसते. वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी या लेखातील योजनेचा आपल्या रुग्णांत विचारपूर्वक अवलंब करावा व आपले अनुभव या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत, अशी विनंती करून हे विवेचन पूर्ण करतो.